सॉलिसिटर आणि मुंबईची जमीन

मुंबईच्या फोर्टात एखाद्या पेढीची इमारत विकावयाची ठरली आणि दलालाने भाव जमवून आणला, तरी मालकीहक्क निर्वेध असल्याचा अभिप्राय सॉलिसिटराने लेखी दिल्यावाचून खरेदीदार सहसा रक्कम मोजीत नसे. आणि त्या अभिप्रायामागील विद्या मला वकिलीच्या वक्तृत्वाहून अधिक आदरणीय वाटते.

१८२४ साली रेकॉर्डरच्या न्यायालयाची जागा सुप्रीम कोर्टाने घेतली, १८६२ साली हायकोर्ट आले, आणि बॅरिस्टराने न्यायासनापुढे बोलावे व सॉलिसिटराने अशिलाची हकीकत ऐकून कागद सिद्ध करावेत, ही विलायती विभागणी येथे रुजली. सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्यास मुरलेल्या सॉलिसिटराच्या हाताखाली कराराने बांधून घेऊन उमेदवारी करावी लागे. १९७७ पासून कायद्याने हा निराळा वर्ग उरला नाही; परंतु १८९४ साली स्थापन झालेली त्यांची लॉ सोसायटी आजही परीक्षा घेते.

या उमेदवारांना खरे शिक्षण दिले ते मुंबईच्या जमिनीने. १६७२ साली गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने जमीनधारकांशी केलेल्या करारातून एक धारापद्धती निघाली. भरतीच्या पाण्यापासून सोडविलेल्या सखल जमिनी हलक्या साऱ्याने दिल्या गेल्या, त्या ‘फोरास’ झाल्या आणि त्यांच्या धारकांचे हक्क १८५१ च्या कायद्याने निश्चित झाले. फजिंदारीत तर जमीन एकाची आणि तिच्यावरील इमारत दुसऱ्याची, असा प्रकार. म्हणून खरेदीखताचा मसुदा हाती घेण्यापूर्वी विक्रेता नेमके काय विकीत आहे, हेच आधी ठरवावे लागे.

त्यासाठी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बहुधा तीस वर्षांचा शोध चाले. सूचीचे एकेक जाडजूड पुस्तक उघडून, बोटाने ओळ धरून, कारकून गहाण, दान, भाडेपट्टा यांच्या नोंदी उतरून घेई. ज्या वर्षी काही आढळले नाही तेथे ‘नोंद नाही’ आणि जेथे कागदच जीर्ण झाला तेथे ‘पाने फाटलेली’ असे प्रामाणिकपणे लिही. हे दोन शेरे मला फार मोलाचे वाटतात, कारण नोंद नसणे आणि नोंद वाचता न येणे यांत एखाद्या विसरलेल्या गहाणखताएवढे अंतर असू शकते. ते अंतर भरून काढण्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघे: सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असल्यास चौदा दिवसांच्या आत अस्सल कागदपत्रांसह कळवावे.