मांडीवरचा दिशादर्शक: लहान विमानांतील जीपीएस आणि विश्वासाचा प्रश्न

#इतिहास #थ्रेड

१/ १ सप्टेंबर १९८३. अँकरेजहून सोलला जाणारे कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे बोइंग ७४७ विमान नियोजित मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले. सखालीनजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले.

२/ त्या विमानात जडत्वावर आधारित दिशादर्शक प्रणालीचे तीन संच होते. पुढील चौकशीतून दिसले ते असे, की विमान चालवणारा ऑटोपायलट त्या संचांच्या आज्ञेत नव्हताच आणि ही गोष्ट वैमानिकांच्या ध्यानी आली नाही. यंत्र शाबूत असूनही मार्ग चुकू शकतो, हा या घटनेचा पहिला धडा.

३/ त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या प्रशासनाने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण झाल्यावर ती नागरी विमानांना विनामूल्य खुली होईल. १९७८ साली पहिला उपग्रह सोडलेली ही योजना तोवर मुख्यतः लष्करी मानली जात होती.

४/ १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीचा हातात मावणारा नॅव्ह १००० बाजारात आला. त्याच वर्षी गॅरी बरेल आणि मिन काओ यांनी पुढे गार्मिन म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी स्थापन केली. १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी संच अपुरे पडले, तेव्हा अमेरिकी सैन्याने नागरी बनावटीचे संच हजारोंनी विकत घेतले.

५/ लवकरच हे संच लहान विमानांत पोहोचले. कागदी नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि रेडिओ केंद्रे यांवर विसंबणाऱ्या वैमानिकाच्या मांडीवर आता सरकता नकाशा आला. विमानात कायम बसवायच्या उपकरणापेक्षा तो कितीतरी स्वस्त होता.

६/ स्वस्ताईमागे एक कारण होते. कायम बसवायच्या संचांसाठी अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने डिसेंबर १९९२ मध्ये प्रमाणके ठरवली. स्थान काढण्यास चार उपग्रह पुरतात. पाचवा मिळाला तर एखाद्याचा संदेश चुकीचा असल्याचे ओळखता येते. ही स्वयंतपासणी त्या संचांना बंधनकारक होती. सुट्या संचांना असे प्रमाणपत्र लागत नसे. म्हणून ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उडताना त्यांवर विसंबण्यास मान्यता नव्हती. ते पूरक साधन होते.

७/ दुसरा प्रश्न माहितीच्या वयाचा. हवाई क्षेत्रांच्या सीमा, रेडिओ वारंवारता, धावपट्ट्या यांची माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. जुनी माहिती भरलेला निर्दोष संचही तितक्याच ठामपणे चुकीचे सांगतो. त्यामुळे निर्मात्याची विक्रीनंतरची सेवा हा उपकरणाचाच एक भाग ठरला.

८/ मे २००० मध्ये नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी अमेरिकेने काढून टाकली आणि अचूकता एकदम वाढली. २००५ मध्ये गार्मिनच्या जीपीएसमॅप ३९६ वर उपग्रह रेडिओमार्गे हवामानाची चित्रेही दिसू लागली. पण जून २०१२ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाने इशारा दिला, की पडद्यावर दाखवलेल्या वयापेक्षा ही चित्रे २० मिनिटांपर्यंत जुनी असू शकतात. दाखवलेले वय चित्र जुळवल्यापासून मोजले जाई, रडारच्या निरीक्षणापासून नव्हे. वादळ तोवर पुढे सरकलेले असे, आणि मंडळाने या इशाऱ्यात जीवघेण्या अपघातांचे दाखले दिले होते.

९/ तिसरा प्रश्न काळाचा. जीपीएसचा जुना संकेत आठवडे १०२४ पर्यंतच मोजतो. मग गणती शून्यावर येते. ६ जानेवारी १९८० पासून सुरू झालेली ही गणती ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये शून्यावर आली. सॉफ्टवेअर सुधारलेले संच निभावले. निर्मात्याने ज्यांची देखभाल थांबवली होती, अशा काही जुन्या संचांच्या तारखा मात्र वीस वर्षे मागे गेल्या. बॅटरी, पडदा, अँटेना सारे ठीक, तरी यंत्र निराधार.

१०/ या चार दशकांत उपग्रह वाढले, चूक मीटरांवर आली. तरीही वैमानिकांना आजही शिकवले जाते: खिडकीबाहेर पाहा, नकाशा जवळ ठेवा, दुसऱ्या साधनाशी पडताळा. ००७ च्या कॉकपिटमध्ये कमतरता होती ती नेमकी या पडताळणीची.