‘हो’ या शब्दाचा अर्थ

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. १९३८ साली तेथील एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांना लिहून पाठविली. टंकलिखित तेहतीस पानांचे बाडच होते ते. मूल एकटे असले म्हणजे सर्वांत सुखी असते. घरात कोण आले, कोण गेले याची त्याला दखल नसते. ठोकळे आणि भांडी गरगर फिरविण्यात ते रमून जाते. सूर त्याच्या लगेच ध्यानात राहतात. दोन वर्षांचे असतानाच बायबलातले एक सबंध स्तोत्र त्याला तोंडपाठ होते. पण साध्या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. सगळे तपशील, एखाद्या दाव्याचे कागद तयार करावेत तसे, एकाखाली एक मांडलेले.

हे पत्र ज्यांच्या हाती पडले ते डॉ. लिओ कॅनर पुढे १९४३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात अकरा मुलांची वर्णने देतात. आठ मुलगे, तीन मुली. पहिले वर्णन या डोनाल्डचेच आहे. स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास सामान्यतः तेथून सुरू झाला असे मानतात. मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ सालीच अशा सहा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते, हे जगाच्या ध्यानी फार उशिरा आले.

कॅनरांच्या त्या निबंधात एक छोटी हकीकत आहे. डोनाल्ड ‘हो’ म्हणायला शिकेना. तेव्हा वडिलांनी त्याला सांगितले, ‘हो म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन.’ मुलगा ‘हो’ म्हणाला. वडिलांनी खांद्यावर घेतले. झाले, त्या दिवसापासून ‘हो’ या शब्दाचा डोनाल्डच्या लेखी अर्थ एकच: मला खांद्यावर घ्या. त्या एका प्रसंगापासून हा शब्द सुटा व्हायला कित्येक महिने लागले. आता कल्पना करावी की घरी कोणी पाहुणे आले आहेत आणि मूल मध्येच ‘हो, हो’ म्हणत आहे. पाहुण्यांना ती निरर्थक बडबड वाटेल. वडील मात्र खाली वाकतील.

आमच्या मते या विषयाचा सारा इतिहास त्या वाकण्यात आणि न वाकण्यात आहे. शब्दामागे काही अर्थ असेलच असे धरून जो शोधायला निघाला त्याला तो बहुधा सापडला. अर्थ नाहीच असे ज्याने आधी ठरविले त्याच्या पदरी मौन आले.

या स्थितीला जी नावे मिळाली तीही दुसऱ्या बाजूची आहेत. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. झुरिकच्या ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात ‘ऑटिझम’ हा शब्द घडविला आणि कॅनरांनी तो उचलला. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ किंवा ‘आत्ममग्नता’ म्हणतो. १९९९ साली केंद्राने या व्यक्तींच्या कल्याणासाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला, त्याच्या हिंदी पाठात ‘स्वपरायणता’ असे भारदस्त नाव आहे. सगळ्या नावांचा आशय एकच: दार आतून लावले आहे. दारावर आपण कोणत्या भाषेत थाप मारली, हे मात्र कोणतेच नाव विचारीत नाही.

कॅनरांना स्वतःला ही जाणीव काही काळ होती. १९४६ साली त्यांनी अशा मुलांच्या ‘असंबद्ध’ वाटणाऱ्या बोलण्यावर एक स्वतंत्र लेख लिहिला. त्यातला पॉल नावाचा मुलगा पातेल्यासारखे काही दिसले की ‘पीटर ईटर’ असे म्हणे. शोध घेतल्यावर कळले की तो दोन वर्षांचा असताना आई स्वयंपाकघरात पीटरचे बालगीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेले पडले. तोच मुलगा काही फेकून देण्याची ऊर्मी आली की स्वतःला बजावी, ‘कुत्रा गच्चीतून खाली टाकू नकोस.’ आसपास कुत्राही नाही आणि गच्चीही नाही. पूर्वी एकदा हॉटेलच्या गच्चीतून तो खेळण्यातला कुत्रा खाली टाकत असे, तेव्हा आई या शब्दांत रागावली होती. म्हणजे ‘नको’ या एका शब्दाच्या जागी तो तो अख्खा प्रसंग ठेवीत होता. कॅनरांनी या बोलण्याला रूपक म्हटले आहे आणि ते यथार्थ आहे. फरक इतकाच की कवीच्या रूपकाची किल्ली भाषेत असते, या रूपकाची किल्ली घरातल्या एकदोघांच्या स्मरणात.

डोनाल्डचे पुढे काय झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. १९४२ च्या सुमारास त्याला गावापासून काही मैलांवरच्या लुईस नावाच्या शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. निपुत्रिक, साधी माणसे. १९४५ साली कॅनर त्याला पाहायला गेले आणि थक्क झाले. मुलाला मोजमापाचा ध्यास होता. जोडप्याने त्याला विहीर खणायला लावून ती किती खोल झाली हे सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला स्मशानासाठी जागा नेमून दिली आणि प्रत्येकाच्या जागी पाटी लावायला सांगितले. तो मृताला पहिले नाव देई, जातीचे नाव मधले आणि आडनाव मालकांचे, म्हणजे लुईस! गोगलगायदेखील त्या घराण्यात दाखल झाली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजीत बसे. त्यांनी सांगितले, मोज, पण नांगर धरून मोज. कॅनरांच्या समोर त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, घोडा व्यवस्थित वळविला. या जोडप्याने मानसशास्त्राचे एक पानही वाचले असण्याचा संभव नाही. मुलाचा छंद मोडून मग त्याच्याशी बोलू, असे त्यांनी म्हटले नाही; छंदाच्या आतूनच ते त्याच्याशी बोलले.

एवढे पाहूनही पुढची वीस वर्षे काळी गेली. १९४३ च्या निबंधात कॅनरांनी ही स्थिती जन्मजात म्हटली होती; पण त्याच लेखात या मुलांचे आईबाप फारसे मायाळू नाहीत असाही शेरा होता. १९४९ साली त्यांनी ही मुले जणू शीतकपाटात ठेवली गेली अशी उपमा वापरली, आणि उपमेचे पाय सत्यापेक्षा चपळ असतात. ‘थंड आई’ हे कारण ठरून गेले. शिकागोच्या एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात, मूल नसते तर बरे ही आईबापांची सुप्त इच्छाच मुलाला आत ढकलते, असे प्रतिपादिले. ते स्वतः डाखाऊ व बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून आले होते आणि त्या छावण्यांतील कैद्यांची मनःस्थिती त्यांना या मुलांत दिसली. उपाय अर्थातच एक: मूल आईपासून दूर करा. ज्या एका व्यक्तीजवळ मुलाच्या शब्दांचा कोश होता, तिलाच घराबाहेर बसविण्याचा हा सल्ला. किती आया आयुष्यभर हा आरोप वागवीत राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

योगायोग असा की त्याच १९६७ साली त्याच देशात आणखी एक पुस्तक निघाले. नाव ‘द सीज’, म्हणजे वेढा. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क या एका स्वमग्न मुलीची आई. किल्ल्याची प्रतिमा दोन्हीकडे. परंतु एकाच्या मते किल्ला रिकामा, दुसरीच्या मते आत कोणी आहे आणि म्हणूनच वेढा देऊन बसायचे. पुस्तकाच्या आरंभी दीड वर्षांची एक मुलगी जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती आनंदाने रांगत फिरते आहे. तिला कशाची उणीव नाही, कोणाची वाट पाहणे नाही. आई तिच्या पातळीवर उतरते आणि वर्षानुवर्षे इंचाइंचाने जवळ सरकते. ही मुलगी पुढे चित्रकार झाली. दोन्ही पुस्तकांपैकी पांडित्य कोणात अधिक होते हे सांगायला नको. आज वाचण्याजोगे कोणते राहिले, हेही.

दरम्यान मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी, तेही अशा मुलाचे वडीलच, १९६४ साली ग्रंथ लिहून हा आरोप निराधार ठरविला. कॅनरांनी त्याला प्रस्तावना दिली आणि १९६९ मध्ये पालकांच्या मेळाव्यात उभे राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. लंडनच्या लॉर्ना विंग, याही अशा मुलीच्या आई, यांनी १९८१ साली हान्स ॲस्पर्गर यांचे १९४४ चे विस्मृत काम पुढे आणले, आणि उत्तम बोलणारी, नोकरी करणारी, संसार करणारी माणसेही या कक्षेत येतात हे ध्यानात आले. (ॲस्पर्गर यांनी नाझी काळात काही मुलांना व्हिएन्नाच्या मृत्युगृहाकडे धाडले, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी उघड झाल्यापासून त्यांचे नाव कोणी प्रेमाने घेत नाही.) येथून प्रश्न पाळण्यापुरता राहिला नाही. मुलाचे निदान ऐकता ऐकता बापाला आपले बालपण ओळखू येऊ लागले, आणि वीस वर्षांच्या संसारातल्या अबोल्याकडे पत्नी निराळ्या नजरेने पाहू लागली.

बोलण्याची पाळी मग स्वतः स्वमग्न व्यक्तींची आली. १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. तुमची हाक परत येत नाही याचे कारण आत कोणी नाही असे नसून, ती हाक ज्या भाषेत आहे ती आमची नव्हे. परभाषकाशी बोलताना जे कष्ट तुम्ही घ्याल ते येथे घ्या. स्वमग्न माणूस कोणत्याही समाजात परकाच असतो, असेही ते म्हणाले. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने यालाच ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ म्हटले: तो तुम्हाला समजून घेत नाही ही तक्रार खरी धरली, तर तुम्हीही त्याला समजून घेत नाही ही तितकीच खरी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बहात्तर प्रौढांना कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे एक कथा पुढे सांगायला लावली. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत कथा इतरांच्या साखळीइतकीच टिकली. झडली ती मिश्र साखळीत. २०२५ मध्ये त्याच अभ्यासकांच्या मोठ्या प्रयोगात मात्र हा फरक दिसला नाही, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. मूळ मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

आम्हा प्रांताबाहेरच्या मराठी मंडळींना हा मुद्दा कळायला प्रयोगाची गरज नसावी. इंदूर-ग्वाल्हेरकडे नव्याने आलेल्या मराठी माणसाला शेजारी जेव्हा सांगे की मुलांना ‘अच्छी शिक्षा’ मिळाली पाहिजे, तेव्हा तो दचकत असेल. आणि कोणी ‘चेष्टा’ करतो आहे म्हटल्यावर प्रयत्नाऐवजी थट्टा समजत असेल. अगदी अनोळखी भाषा बरी, तेथे माणूस सावध असतो. घात होतो तो दोघांचे शब्द एकच असतात तेव्हा. घरातल्या घरात असेच चालते. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो. ‘जरा दुधाकडे बघ’ म्हणतो, आणि मुलगा दूध उतू जाईपर्यंत नीट बघत राहतो. त्याने सांगितलेले तंतोतंत केले. रागावतो मात्र आपण. कॅनरांच्या नोंदींतला जॉन नावाचा मुलगा, भिंतीवरच्या चित्रांविषयी बोलणाऱ्या वडिलांची चूक दुरुस्त करी: चित्रे भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत. पाहिले तर त्याचेच बरोबर.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या स्थितीचा उल्लेखही नव्हता; तो १९९९ च्या न्यासाच्या कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्याने तिला एकवीस अपंगत्वांत स्थान दिले. त्याआधी १९९१ पासून दिल्लीत एका आईनेच पुढाकार घेऊन काम सुरू केले होते. कायद्यापूर्वीही ही माणसे आपल्या वाड्यांतून होतीच. त्यांना तऱ्हेवाईक म्हणत.

आमचे थोरले काका असेच. त्यांना आज कोणते नाव लावण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. ‘काका, किती वाजले सांगता येईल का?’ असे विचारले की ते ‘येईल’ म्हणत आणि वर्तमानपत्राकडे वळत. आम्ही मुले हसत असू. काकू मात्र त्यांच्याशी वेगळे बोलत. ‘अहो, पानं वाढली आहेत. आता उठा. हात धुवा आणि पाटावर बसा.’ रोज तीच वाक्ये, त्याच क्रमाने, आवाज न चढविता. आत्याबाईंना हे खपत नसे. नवऱ्याला हुकूम सोडते, असे त्या चारचौघांत म्हणत. काकूंनी त्यावर कधी उत्तर दिले नाही. काकांना गर्दीचा त्रास होई म्हणून काकू लग्नकार्यातही त्यांना मागल्या खोलीत एकटे बसू देत, तेही दोघींच्या वादाचे एक कलम होते.

काकू गेल्या त्यानंतर तेराव्या दिवशी पंगत बसली तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ‘काका, बसायचं ना आता?’ कोणीतरी विचारले. ते ‘हो’ म्हणाले आणि उभेच राहिले. दुसऱ्याने विचारले, तिसऱ्याने आग्रह केला. ‘हो.’ दुःखाने सुन्न झाले आहेत, असे सर्वांनी मानले आणि ते खोटे नसेलही. मग आमची धाकटी बहीण, तेव्हा बारा वर्षांची, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि काकूंच्याच क्रमाने म्हणाली, ‘काका, पानं वाढली आहेत. हात धुवा आणि पाटावर बसा.’

काकांनी हात धुतले आणि ते पाटावर येऊन बसले.