तारावाली कोठी

लखनौहून बाराबंकीच्या वाटेने निघाले म्हणजे चिनहट लागते. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आज शहर त्याला वेढून पुढे गेले आहे. ३० जून १८५७ रोजी येथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव झाला आणि लागलीच रेसिडेन्सीला वेढा पडला. त्या धामधुमीत अवधच्या बादशहाची वेधशाळाही नष्ट झाली, असे पुष्कळदा सांगण्यात येते. हे सांगणे कितपत खरे आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

वेधशाळा म्हटली की आज हवाई बेटावरील मौना केआचे स्मरण होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी शांत झालेल्या या ज्वालामुखीची उंची ४,२०५ मीटर आहे. माथा बहुधा ढगांच्या वर असतो. हवा कोरडी आणि स्थिर. म्हणून दहा-दहा मीटर व्यासाच्या आरशांच्या केक दुर्बिणी तेथे उभ्या राहिल्या. याच्याशी लखनौची तुलना ती काय करावी? सारा प्रदेश गाळाचा व सपाट. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात मेघ आणि हिवाळ्यात धुके.

तथापि त्या काळच्या ज्योतिर्विदांचे मुख्य काम निराळे होते. कोणता तारा मध्यान्हरेषेवरून नेमका कोणत्या क्षणी आणि किती उंचीवरून जातो, हे रात्रीमागून रात्र टिपून ठेवावयाचे. त्यासाठी पर्वताहूनही अधिक गरज होती ती न हलणाऱ्या दगडी खांबांची, अचूक घड्याळाची आणि न कंटाळणाऱ्या माणसांची.

नसीरुद्दीन हैदर या बादशहाने १८३१ च्या सुमारास हा उद्योग आरंभिला. लंडनच्या ट्रॉटन आणि सिम्स या नामांकित कारागिरांकडून भिंतीवर बसवावयाचे सहा फुटी वर्तुळयंत्र आणि आठ फुटी याम्योत्तर दुर्बीण मागविण्यात आली. पूर्वी आसामात मोजणीचे काम केलेले रिचर्ड विल्कॉक्स १८३५ मध्ये मुख्य ज्योतिर्विद म्हणून आले. त्यांच्या हाताखाली येथील माणसे वेध घेण्यास शिकली. त्यांपैकी कमालुद्दीन हैदर यांनी इंग्रजी शास्त्रीय पुस्तिका उर्दूत आणल्या. दरबारी भाषेत नवे शास्त्र उतरू लागले होते, ही गोष्ट मला यंत्रांइतकीच मोलाची वाटते.

१८४८ मध्ये विल्कॉक्स वारले. पुढच्याच वर्षी वाजिद अली शाह यांच्या हुकुमाने वेधशाळा बंद झाली. वर्षानुवर्षे घेतलेले वेध छापून जगापुढे आलेच नाहीत. चिनहटची लढाई झाली तेव्हा वेधशाळा मिटून आठ वर्षे लोटली होती; अवधचे राज्यही वर्षापूर्वीच, १८५६ मध्ये, कंपनीने खालसा केले होते. बंडाच्या काळात मौलवी अहमदुल्ला शाह यांनी तारावाली कोठीत आपले ठाणे केले आणि यंत्रे नाहीशी झाली, हे खरे. परंतु तोपर्यंत ती केवळ अडगळ झाली होती. तोफांच्या आधी एका हुकुमाने आपले काम केले होते.

हा दोष एकट्या वाजिद अली शाह यांच्या माथी मारण्यापूर्वी आपण पुण्याकडे पाहावे. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून कावसजी नायगमवाला यांनी पुण्यास वेधशाळा उभारली. १८८८ पासून ती चालली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबरच संपली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. येथे ना बंड होते, ना विलासी नबाब. सरकारी कारभारात आयुष्याचा बराच भाग गेल्यामुळे मला या दोन्ही प्रसंगांतील साम्य चटकन ओळखता येते. एका व्यक्तीच्या ध्यासावर संस्था उभी राहते. ती व्यक्ती जाते, आणि मागे फक्त खर्चाचा रकाना उरतो.

मौना केआचीही कथा निर्वेध नाही. तीस मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीला, जिच्यात भारतही भागीदार आहे, तेथील मूळ रहिवाशांनी २०१९ मध्ये वाट अडवून विरोध केला. तो डोंगर त्यांना पवित्र आहे. उत्तम आकाश लाभले तरी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची संमती लागतेच.

तारावाली कोठीत पुढे बँक आली. जेथे ताऱ्यांचा हिशेब ठेवीत, तेथे पैशांचा हिशेब होऊ लागला. यात उपहास करण्याजोगे काही नाही. निदान इमारत तरी राहिली. पण चिनहटच्या बाजूने शहरात शिरताना वाटते की, लढाईत जे गमावते त्याची नोंद इतिहास करतो. मात्र एका सहीने जे मिटते, त्याचे खापरही पुष्कळदा लढाईच्याच माथी फुटते.