थ्रेडची एकवार सुरुवात

पार्श्वभूमीवर चालणारा थ्रेड एकाहून अधिक वेळा सुरू होऊ नये, यासाठी संगणक प्रोग्रॅममध्ये केलेली व्यवस्था. जावा भाषेत एकाच थ्रेड ऑब्जेक्टवर ‘स्टार्ट’ दुसऱ्यांदा वापरल्यास, आधीचे काम संपलेले असले तरी, ‘इलीगलथ्रेडस्टेटएक्सेप्शन’ ही त्रुटी येते. मात्र दर वेळी नवा ऑब्जेक्ट तयार होत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. साध्या बूलियन चलाची तपासणीही अपुरी पडते. कारण चल तपासणे आणि बदलणे यांदरम्यान दुसरा थ्रेड तीच तपासणी पार करू शकतो. म्हणून दोन्ही क्रिया अविभाज्य असाव्या लागतात. त्यासाठी लॉक किंवा जावातील ‘अ‍ॅटॉमिकबूलियन’ या वर्गाची ‘कम्पेअरअँडसेट’ ही क्रिया वापरतात. हा वर्ग जावा 5 (2004) पासून उपलब्ध आहे. या क्रियेने मूल्य असत्याचे सत्य करण्यात एकाच थ्रेडला यश येते. तोच काम सुरू करतो. गो भाषेत यासाठी ‘सिंक’ पॅकेजमधील ‘वन्स’ वापरतात.