कलंदरियात

कलंदरियात हा अभिजात फारसी सूफी कवितेतील एक विषयप्रवाह आहे. मद्यशाळा, जुगार, मूर्ती, झुन्नार (मुस्लिम राज्यांत ख्रिस्ती लोक कमरेला बांधत तो पट्टा) अशा निषिद्ध वा परधर्मीय गोष्टींचा या कवितेत गौरव होतो. मशीद, जपमाळ आणि विरक्ताची वस्त्रे यांची मात्र टवाळी होते. मराठीत ‘कलंदर’ हा शब्द बेफिकीर, मनस्वी माणसासाठी रूढ आहे. तो फारसीतूनच आला.

पार्श्वभूमी

नवव्या शतकात निशापूर येथे मलामती साधकांची परंपरा उदयास आली. ‘मलामत’ म्हणजे निंदा. लोकांच्या प्रशंसेने अहंकार पोसला जातो, म्हणून साधना लपवावी आणि प्रसंगी निंदा ओढवून घ्यावी, असे ते मानत. डोके, दाढी, मिशा आणि भुवया भादरून फिरणारे कलंदर फकीर संघटित पंथाच्या रूपाने पुढे तेराव्या शतकात दिसतात. जमालुद्दीन सावी हे त्यांचे प्रमुख. कवितेतला कलंदर मात्र त्याआधीचा आहे. गझनीचे कवी सनाई (मृत्यू सु. ११३१) यांच्या रचनांत तो ठळकपणे आढळतो.

शेख सनआनची कथा

या विषयाची सर्वांत प्रभावी मांडणी अत्तार यांच्या ‘मंतिकुत्तैर’ या काव्यात आहे. काबेजवळ पन्नास वर्षे साधना केलेले, चारशे शिष्यांचे गुरू शेख सनआन रूम देशातील एका ख्रिस्ती युवतीच्या प्रेमात पडतात, मद्य पितात, झुन्नार बांधतात आणि तिच्यासाठी डुकरे राखतात. लज्जित शिष्य त्यांना सोडून परततात. तेव्हा मागे राहिलेला एक शिष्य त्यांनाच दोष देतो: गुरूने झुन्नार बांधला, तर तुम्हीही बांधायला हवा होता. शेख अखेर इस्लाममध्ये परततात, तरी कथेचा खरा घाव या प्रश्नातच आहे.

हाफिज आणि अर्थाचा वाद

शिराझचे हाफिज (सु. १३२५–१३९०) यांच्या कवितेत कलंदराच्या जोडीला ‘रिंद’ येतो: वरवर स्वैर, पण ढोंगापासून मुक्त असा माणूस. त्यांच्या उपरोधाचे लक्ष्य बहुधा ‘मुहतसिब’, म्हणजे लोकांच्या नैतिक वर्तनावर देखरेख ठेवणारा अधिकारी असतो. मुबारिजुद्दीन मुहम्मद याने १३५३ मध्ये शिराझ जिंकून मद्यशाळा बंद केल्या; १३५८ मध्ये मुलानेच त्याला पदच्युत केले.

तत्पूर्वी १३१७ मध्ये शबिस्तरी यांनी ‘गुलशने राज’ या काव्यात मद्य, मूर्ती, झुन्नार या प्रतीकांचे आध्यात्मिक अर्थ उलगडले होते. अशा किल्ल्या उपयुक्त असल्या तरी प्रत्येक प्याला केवळ ईश्वरी प्रेमाचा मानला, तर मुहतसिबावरील उपरोध निरर्थक ठरतो. उलट, हाफिज यांना निव्वळ मद्यपी मानणे ज्या कवीचे टोपणनावच ‘कुराण मुखोद्गत असलेला’ असे सांगते, त्याच्याशी जुळत नाही.