बर्फावरील हॉकीची चीनयात्रा



हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, वांकडी काठी आणि ध्यानचंद उभे राहतात. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती हॉकी निराळी. कॅनडा व अमेरिका या देशांत ती गोठविलेल्या पाण्यावर खेळतात. खेळाडूंच्या पायांत पोलादी पात्यांचे जोडे असतात, आणि चेंडूच्या जागीं तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती असते. हा खेळ धंदा म्हणून चालविणारी ‘नॅशनल हॉकी लीग’ ही संस्था १९१७ सालीं मॉन्ट्रियल येथें स्थापन झाली. पुढें शंभर वर्षांनीं, २०१७ च्या सप्टेंबरांत, तिचे संघ प्रथमच चीनमध्यें प्रदर्शनीय सामने खेळले.

याचें कारण उघड होतें. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान बीजिंगला मिळाल्याचें ३१ जुलै २०१५ रोजीं जाहीर झालें, आणि तीस कोटी लोकांना हिवाळी खेळांची गोडी लावावयाची, असा संकल्प चिनी सरकारनें सोडला. एवढा मोठा बाजार लीगच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. २०१७ सालीं लॉस एंजेलिस किंग्ज व व्हँकूव्हर कॅनक्स हे संघ २१ सप्टेंबरला शांघायमध्यें व २३ ला बीजिंगमध्यें खेळले. दुसऱ्या वर्षीं बॉस्टन ब्रुइन्स व कॅलगरी फ्लेम्स यांचे सामने १५ सप्टेंबरला शेन्झेन येथें व १९ ला बीजिंग येथें झाले.

सामना साठ मिनिटांचा. पण त्या साठ मिनिटांमागें जो खटाटोप होता, तोच आज सांगावयाचा आहे.

पहिली अडचण वेळेची. लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होतो. सप्टेंबर हा निवडीचा महिना. पन्नास-साठ उमेदवारांतून तेवीस खेळाडू ठरवावयाचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत संघ समुद्रापार गेला, तर निवड कोणीं करावी? ब्रुइन्सनीं संघाचे दोन भाग केले. एक चीनला गेला, दुसरा मायदेशीं सरावाचे सामने खेळत राहिला. म्हणजे गुरुजी एका गांवीं आणि परीक्षेला बसलेलीं निम्मीं मुलें दुसऱ्या गांवीं, असा प्रकार झाला.

दुसरी अडचण घड्याळाची. सप्टेंबरांत बीजिंगचें घड्याळ लॉस एंजेलिसच्या पंधरा तास पुढें असतें, कॅलगरीच्या चौदा, आणि बॉस्टनच्या बरोबर बारा. बॉस्टनकरांच्या घड्याळाचे कांटे फिरवावे लागले नाहींत; फिरवावें लागलें तें शरीर. सहलीला निघालेल्या चाळीस मुलांना पहाटे उठविण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनाच या कामाची कल्पना येईल.

तिसरी सामानाची. प्रत्येक खेळाडूचे जोडे, चिलखतासारखे पोशाख, काठ्या, गोलरक्षकाचीं जाड पायपोशें, हें सारें बरोबर न्यावें लागतें. जोड्यांच्या पात्यांना वरचेवर धार लावावी लागते, आणि ज्याची त्याची आवड निराळी. म्हणून धार लावणारा माणूस व त्याचें यंत्रही बरोबर हवें. त्यांतही, अमेरिकेंत विजेचा दाब १२० व्होल्ट, चीनमध्यें २२०. तेव्हां त्याची तजवीज आधींच करावी लागते.

परंतु खरी कसोटी बर्फाची. जमिनीखालील नळ्यांतून थंड केलेलें खारें पाणी फिरवितात, आणि वरच्या गारठलेल्या फरशीवर पाण्याचे पातळ फवारे एकावर एक गोठवीत सुमारें इंचभर थर चढवितात. घाई करून पाणी एकदम ओतलें तर बर्फ ठिसूळ होतो. पृष्ठाचें तपमान शून्याखालीं पांच अंशांच्या आसपास ठेवावें लागतें. हवा दमट असली कीं बाष्प बर्फावर हिंवासारखें जमतें, पृष्ठ मऊ पडतें, पातीं रुततात व चकती उसळूं लागते. चकती उसळूं नये म्हणून तीसुद्धां सामन्यापूर्वीं गोठवून ठेवतात!

आतां शेन्झेन हें शहर जवळजवळ कोलकात्याच्याच अक्षांशावर आहे. १५ सप्टेंबर २०१८ ला आपल्याकडे गणपती बसून दोन दिवस झाले होते. त्या ऋतूंत, समुद्राकांठच्या त्या शहरीं, हजारों प्रेक्षकांच्या श्वासाची ऊब सोसून बर्फ टणक ठेवणें, ही यंत्रांची परीक्षाच होती. शिवाय दुसऱ्याच दिवशीं मांगखुट नांवाचें प्रचंड तुफान ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर आदळलें आणि लाखों लोकांना घरें सोडावीं लागलीं. चोवीस तासांचा फरक पडता, तर वर्षाची तयारी वाया जाती.

या श्रमांनीं संघांचें नुकसान झालें काय? ३ ऑक्टोबर २०१८ रोजीं हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत ब्रुइन्स वॉशिंग्टनकडून ७-० असे हरले, तेव्हां दोष प्रवासाला देणें सोपें होतें. पण तेच ब्रुइन्स २०१९ च्या जूनमध्यें अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोंचले, आणि कॅलगरीनें साखळींत पश्चिम विभागांत पहिलें स्थान मिळविलें. एका पराभवावरून इतिहासाचा निवाडा करूं नये.

मग चीनच्या पदरांत काय पडलें? २०१९ सालीं हे संघ चीनला गेले नाहींत. पुढें महामारी आली, आणि डिसेंबर २०२१ मध्यें लीगनें आपले खेळाडू ऑलिंपिकला न पाठविण्याचें ठरविलें. बीजिंगच्या ज्या वुकेसाँग क्रीडागृहांत हे प्रदर्शनीय सामने झाले, तेथेंच २०२२ च्या ऑलिंपिकमधील हॉकीचे कांहीं सामने झाले. पण ते नामांकित खेळाडू तेथें नव्हते. यजमान चीनच्या पुरुष संघांत परदेशीं जन्मलेल्यांचा मोठा भरणा असूनही तो चारही सामने हरला. उलट, २०१५ सालीं लीगच्या संघानें निवडलेला पहिला चिनी जन्माचा मुलगा, साँग आनदाँग, हा बीजिंगचा. परंतु हॉकीसाठीं तो लहानपणींच कॅनडांत गेला होता.

तात्पर्य इतकेंच. पैसा, यंत्रें व शिस्त यांच्या बळावर बर्फ कोठेंही तयार करतां येतो, आणि संघ कोठेंही नेतां येतो. पण चार सामन्यांच्या टाळ्यांनीं खेळ रुजत नाहीं. त्याला गल्लींतलीं मुलें लागतात, रोजचा बर्फ लागतो आणि कित्येक वर्षांचा धीर लागतो. पाहुणे गेल्यावर अंगणांत कोण खेळतें, हें पाहावें.