पाऊस मोजायचा की पीक?

तहसील कचेरीच्या आवारात, झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, मोकळ्या जागेत एक नळकांडे रोवलेले असते. सकाळी साडेआठला कर्मचारी येतो, आत साठलेले पाणी काचेच्या मापात ओततो, डोळ्याच्या रेषेत धरून आकडा बघतो आणि वहीत लिहितो. अडीच मिलिमीटर भरले तर हवामान खात्याच्या हिशेबात तो पावसाचा दिवस, कमी भरले तर नाही. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावलेल्या माणसाचे सगळे वर्ष अशा आकड्यांच्या बेरजेवर ठरते.

या आकड्यावरच भरपाई द्यायची, शेतात पंचनाम्याला माणूस पाठवायचाच नाही, असा विमा आज जगभर विकला जातो. हवामानबदलाची झळ सोसणाऱ्या गरिबांसाठी काम करणाऱ्या ज्या स्टार्टअपना मोठ्या कंपन्या पैसा पुरवतात, त्यांतल्या कित्येकांचे कामच हे आहे. उपग्रह, मोबाइल, अल्गोरिदम यांच्यामुळे हा प्रकार काल-परवाचा वाटतो. त्याचे मूळ मात्र शंभर वर्षे मागे, म्हैसूर संस्थानात आहे.

तिथले एक अधिकारी जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्ये शेतीविम्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यात पावसावर आधारलेल्या विम्याची योजना मांडली. विचार सरळ होता. प्रत्येक शेतातले नुकसान मोजत बसणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही, शिवाय त्यात भांडणे आणि लबाडी आलीच. पाऊस मात्र मोजता येतो आणि त्याचा आकडा शेतकऱ्याच्या हातात नसतो. ठरलेल्या मापापेक्षा पाऊस कमी पडला तर त्या टापूतल्या सगळ्या विमाधारकांना पैसे द्यावेत. उपग्रह नव्हता, संगणक नव्हता, तरी आज कंपन्या ज्याला ‘पॅरामेट्रिक’ विमा म्हणतात त्याचा पूर्ण आराखडा त्या योजनेत होता. ती प्रत्यक्षात आली नाही.

पुढची पन्नास वर्षे फारसे काही घडले नाही. 1972 मध्ये गुजरातेत एच-4 जातीच्या कपाशीसाठी विमा निघाला, तो एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजणारा. नंतर तो आणखी काही राज्यांत आणि पिकांत गेला आणि 1978-79 पर्यंत रखडत चालला. सहभागी शेतकरी अवघे 3,110, जमलेला हप्ता 4.54 लाख रुपये आणि दिलेली भरपाई 37.88 लाख. चक्रवर्तींनी जी भीती ओळखली होती तीच खरी ठरली.

इथे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्रा. वि. म. दांडेकर येतात. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो नीळकंठ रथ यांच्यासोबत लिहिलेल्या दारिद्र्यावरच्या पुस्तकामुळे. पीकविम्यातले त्यांचे काम त्या मानाने विस्मरणात गेले आहे, याचे मला वाईट वाटते. 1976 मध्ये त्यांनी मांडले की विम्याचे एकक शेतकरी नसून क्षेत्र असावे. ठरावीक भागात पीक कापणी प्रयोग करा, सरासरी उत्पन्न काढा, ते उंबरठ्याच्या खाली गेले तर त्या भागातल्या सगळ्यांना सारख्याच दराने भरपाई द्या. 1979 ची प्रायोगिक योजना, 1985 ची सर्वंकष योजना, 1999 ची राष्ट्रीय योजना आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, या सगळ्या याच पायावर उभ्या राहिल्या. दांडेकरांनी पीकच मोजायचे ठेवले, पण वैयक्तिक पंचनाम्याचे जोखड काढून टाकले. त्यांच्याशिवाय पुढचे पाऊल पडले नसते.

ते पाऊल 2003 मध्ये आंध्र प्रदेशच्या (आताच्या तेलंगणातल्या) महबूबनगर जिल्ह्यात पडले. विजय महाजन यांची बेसिक्स ही सूक्ष्मवित्त संस्था तिथे आपल्या कृष्णा भीमा समृद्धी बँकेमार्फत शेतकऱ्यांना कर्ज देत होती, आणि पावसाने दगा दिला की कर्जही बुडत होते. आयसीआयसीआय लोम्बार्ड या खासगी विमा कंपनीने जागतिक बँकेच्या तज्ज्ञांची मदत घेऊन भुईमूग आणि एरंडीसाठी पाऊस विमा तयार केला. पहिल्या हंगामात 230 शेतकऱ्यांनी तो घेतला. चक्रवर्तींची कल्पना पहिल्यांदा बाजारात आली, आणि आली ती कंपनीच्या जोरावर.

चार वर्षांत सरकारनेही हवामानावर आधारित विमा हाती घेतला. 2007 च्या खरिपात कर्नाटकातून सुरुवात झाली. तोवर अहमदाबादची ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना गुजरातेत पाऊस विमा विकू लागली होती. त्या काळात गुजरात आणि आंध्रात झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली. विमा चांगला असूनही फार थोडे लोक तो विकत घेत होते. हातात पैसा नव्हता हे एक कारण, आणि विकणाऱ्यावर विश्वास नव्हता हे तितकेच मोठे दुसरे. ओळखीच्या संस्थेचा माणूस सोबत आला की विक्री वाढे.

केनियात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न झाला. 2009 मध्ये सिंजेंटा या बियाणे कंपनीच्या प्रतिष्ठानाने ‘किलिमो सलामा’ हा विमा सुरू केला. बियाण्याच्या दुकानात शेतकरी पिशवी घ्यायचा, दुकानदार मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिच्यावरचा कोड टिपायचा आणि शेतकऱ्याच्या फोनवर विम्याचा संदेश यायचा. निम्मा हप्ता शेतकऱ्याचा, निम्मा बियाणे-खताच्या कंपनीचा. सौरऊर्जेवरच्या केंद्रातून पावसाचा आकडा यायचा आणि भरपाई सफारिकॉम या मोबाइल कंपनीच्या एम-पेसा खात्यावर जमा व्हायची. या कामाच्या प्रमुख रोझ गोस्लिंगा यांनी 2015 मध्ये थॉमस न्जेरू यांच्याबरोबर ‘पुला’ ही स्टार्टअप काढली. त्याच वर्षी काही मोठ्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ब्लू मार्बल’ उभी केली. कंपनीने पैसा द्यायचा, स्टार्टअपने आकडा आणि फोन जोडायचा आणि गरिबापर्यंत पोचायचे, हा आजचा साचा इथे पक्का झाला.

या वंशावळीत एक दोषही पिढीजात चालत आला आहे, आणि महाराष्ट्राला तो चांगला ठाऊक आहे. पाऊस मोजला जातो एका जागी, पीक जाते दुसऱ्या जागी. आपल्याकडे ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट या खासगी कंपनीने महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभारली. स्कायमेटही 2003 मध्ये निघालेली, एकेकाळची स्टार्टअपच. ही केंद्रे नव्हती तेव्हापेक्षा स्थिती कितीतरी सुधारली. पण एका मंडळात अनेक गावे येतात. कोकणात हापूसला मोहोर आला असताना डोंगराच्या एका अंगाला अवेळी पाऊस पडतो आणि दुसऱ्या अंगाला केंद्र कोरडे राहते. ट्रिगर, म्हणजे भरपाईसाठी ठरलेला उंबरठा, लागू होत नाही आणि बागायतदाराला एक रुपया मिळत नाही. मराठवाड्यात पावसाचा खंड पडतो तेव्हाही हेच. शेजारच्या मंडळाला भरपाई मिळाल्याचे कळते तेव्हा माणूस विम्यावरचा विश्वास कायमचा गमावतो. पुढच्या वर्षी त्याला कितीही चांगले ॲप दाखवा, तो ते उघडणार नाही.

हप्ता कोणी भरायचा, हा दुसरा जुना प्रश्न. महाराष्ट्राने 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा दिला आणि 2025 मध्ये ती सवलत थांबली. सरकारलाही हा भार जड जातो. मग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे नजर वळते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्च करायला सांगितले. केंद्राने मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांमधल्या तंत्रज्ञान इन्क्युबेटरना दिलेला पैसा त्यात सुरुवातीपासून धरला गेला. त्यातून नव्या कल्पना उभ्या राहिल्या. हप्त्याचा आणि केंद्रांच्या देखभालीचा प्रश्न मात्र त्या निधीने सुटला नाही. नव्या प्रकल्पाचे उद्‌घाटन करता येते, जुन्या पर्जन्यमापकातला कचरा काढण्यासाठी निधी मागणारा अर्ज कोणाला आकर्षक वाटत नाही. माझ्या मते या सगळ्या मदतीचा कच्चा दुवा हाच आहे.

या विम्याची सर्वांत ताजी शाखा पावसाची नाही, उन्हाची आहे. 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले, आणि 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. पण आराखडा मजुरी भरून देत नाही. मिठागरातली अगरिया बाई, कचरा वेचणारी, फेरीवाली, बांधकामावरची मजूर यांना दुपारी घरी बसा म्हणणे म्हणजे उपाशी बसा म्हणणे. 2023 मध्ये ‘सेवा’, ब्लू मार्बल आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड यांनी गुजरातेतल्या सुमारे 21 हजार स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा आणला. त्या उन्हाळ्यात उंबरठा गाठला गेला नाही आणि कोणालाच पैसे मिळाले नाहीत. बायकांना ऊन तर लागले होते. पुढच्या वर्षी रचना बदलली: पारा 40 अंशांच्या वर गेला की आधी थोडी रोख मदत, त्याहून तीव्र लाटेत विम्याची भरपाई. योजना राजस्थान आणि महाराष्ट्रातही आली, स्विस रीसारखी पुनर्विमा कंपनी पाठीशी उभी राहिली आणि 2024 च्या मे महिन्यात 46 हजारांहून जास्त स्त्रियांना मदत पोचली. थेट रोख 400 रुपये. एवढ्यात एखाद-दोन दिवस दुपारी सावलीत बसता येते.

यात मला मोल वाटते ते उंबरठा बदलण्याचे. ‘सेवा’च्या सभासद स्त्रियांच्या अनुभवाला धरून पहिला आकडा चुकीचा ठरला आणि तो एका वर्षात दुरुस्त झाला. आपल्या मंडळांतल्या केंद्रांबाबत असे होऊ शकत नाही का? कंपन्यांना खरोखर मदत करायची असेल तर गावागणिक पर्जन्यमापक वाढवायला, त्यांच्या देखभालीला आणि गरिबांच्या हप्त्यातल्या वाट्याला किमान दहा वर्षे पैसा द्यावा. प्रत्येक केंद्राचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, म्हणजे ट्रिगर लागू झाला की नाही हे बागायतदाराला विमा कंपनीच्या आधी कळेल, आणि आकडा चुकला असेल तर हरकत घ्यायला त्याच्या हातात मुदत उरेल.